लार्पमधली पॉइंटची वही बंद करू की नव्यानं मांडू?

वहीवाली, मानेवाडा

नमस्कार मंडळी. प्रश्न मोठा आहे, जरा सवडीनं वाचा.

आमचा नागपुरातला पंचवीस-तीस जणांचा लार्पचा गट आहे. ज्यांनी लार्प पाहिलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते: प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याचा पोशाख करायचा आणि दीड दिवस त्या पात्राचं बोलणं, भांडणं, सौदे, लढाया सगळं स्वतः करायचं. तलवारी आम्ही घरीच बनवतो. आत पीव्हीसी पाइप, वर योगा मॅटचे थर, त्यावर कापडी टेप. मे महिन्यात इथे पारा 45 च्या घरात असतो, म्हणून खेळ फक्त ऑक्टोबर ते फेब्रुवारी, महिन्याला एक, मोसमाला पाच. जागा रामटेकच्या बाजूला, गटातल्या एकाच्या काकांचं शेत आणि त्याला लागून संत्र्याची बाग. कथा नगरधनच्या किल्ल्यावर हिंडताना सुचली. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच असं मानतात, आणि त्यांची राणी प्रभावतीगुप्ता मुलगा लहान असताना तिथून राज्य चालवत होती. आमचं राज्य काल्पनिक आहे, पण गादीवर लेकरू आणि कारभार आईच्या हाती, हे तिथूनच घेतलं.

तीन मोसम झाले, पॉइंटची वही मी ठेवते. दोनशे पानी लाँगबुक, प्रत्येक पात्राला दोन पानं. नियम टेबलवरच्या खेळांतून, म्हणजे बसून कागद-फाशांवर पात्रं चालवायच्या खेळांतून, उचलले होते. सुरुवातीला 10 पॉइंट, दर खेळाला हजेरीचे 5, लढाई जिंकणाऱ्या बाजूला प्रत्येकी 2, आणि शेवटी हात वर करून 'सगळ्यात छान भूमिका' निवडायची, तिला 3. पॉइंट मोडून काय मिळतं? मुळात प्रत्येक जण 3 घाव सोसू शकतो. पुढचा प्रत्येक घाव 4 पॉइंटला. चिलखत 8 ला, म्हणजे आणखी 4 घाव. दुहेरी वार 12 ला. जडीबुटी 6 ला. अशी दोन पानं भरतील एवढी यादी आहे.

आता ऑक्टोबरात काय झालं ते.

रविवार, सकाळचे साडेनऊ. शेताच्या बांधापाशी ताडपत्री बांधून आम्ही धान्याचं कोठार केलं होतं आणि राखणीला आठ जण ठेवले होते, आठही जण पहिल्यांदाच आलेले. आमचा सगळ्यात जुना खेळाडू शत्रूचा सेनापती करतो. तो एकटा आला. आठांमध्ये एक पोरगी होती, एकोणीस वर्षांची. आईच्या जुन्या रेक्झिनच्या पर्स उसवून तिनं मनगटाचे पट्टे शिवले होते, आतून फ्लॅनेल लावून, टाके एकसारखे. तीन आठवडे गच्चीवर भावासोबत सराव केला होता. बाकीचे सात समोरून ओरडत होते तेव्हा ही कोठारामागून वळसा घालून त्याच्या पाठीशी गेली आणि तीन वार मारले, बरगडीच्या खाली, अगदी शिकवल्यासारखे, जोर न लावता. त्यानं नियमाप्रमाणे मोठ्यानं मोजले, "चार, पाच, सहा." मग वळला. "दुहेरी, दुहेरी." ती खाली बसली.

रेफरी मीच होते. तिनं वर बघून मला विचारलं, "ताई, माझे तिन्ही बसले ना?" मी म्हटलं, बसले. ती म्हणाली, "मग?"

मला उत्तर देता आलं नाही. आठांपैकी दोघं नोव्हेंबरला आली, ती आली नाही.

सेनापतीचं काहीच चुकलं नाही, हे आधी सांगते. तो नियमानं खेळला, एकही घाव लपवला नाही. घरी येऊन मी वही काढली. त्याचे पंधरा खेळ: सुरुवातीचे 10, हजेरीचे 75, जिंकलेल्या बारा लढायांचे 24, दोनदा छान भूमिकेचे 6. एकूण 115. त्यातले 36 घावांवर घातले, म्हणजे अंगावर 12, चिलखताचे 4, मिळून 16. समोर आठ जण, प्रत्येकाचे 3 घाव, आणि दुहेरी वार असल्यानं एकेकाला दोन फटके पुरतात. आठांना पाडायला त्याला 16 फटके हवेत, त्याला पाडायला आठांना मिळूनही 16. म्हणजे माझ्याच हातानं लिहिलेल्या वहीत एक माणूस आठांच्या बरोबरीला येऊन बसला होता आणि तीन वर्षं मला ते दिसलं नाही.

आता विचारायचं ते असं. पॉइंट बंदच करावेत का? ठेवायचे तर किती वेगानं द्यावेत? आणि पात्र मेलं तर पॉइंटचं काय? आमच्याकडे सगळे जातात. डिसेंबरचा खेळ तीन आठवड्यांवर आहे.


खिंडसीकाठ, रामटेक

ताई, हिशेब अगदी उघडा मांडलात, त्यामुळे बोलायला सोपं झालं.

आधी हे पॉइंट आले कुठून ते बघू. 1974 मध्ये गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलवरचा खेळ आला. त्यात गुहेतून वर आणलेल्या सोन्याच्या एका नाण्याला एक पॉइंट आणि लढवय्याला दुसऱ्या लेव्हलला, म्हणजे वरच्या पायरीला, जायला 2000 पॉइंट. टेबलवर ते बरोबरच होतं, कारण टेबलवर पात्राला हात नसतो. त्याचा हात म्हणजे कागदावरचा आकडा. आकडा वाढला नाही तर पात्र शिकलं हे दाखवायला दुसरं काही नसतं. पुढे 1982 मध्ये इंग्लंडात, चेशायरमधल्या पेकफर्टन किल्ल्यात ट्रेझर ट्रॅप नावाचं लार्प सुरू झालं आणि माणसं खरोखर किल्ल्यातून धावू लागली. ही मंडळी टेबलवरूनच उठून आली होती, येताना आकडे सोबत घेऊन आली. तुम्हीही तेच केलंत, आम्हीही तेच केलं होतं.

मैदानात पात्राचा हात तुमचाच असतो. तुमचा सेनापती तीन वर्षांत खरंच चांगला लढायला शिकला असणार. पाय कसा टाकायचा, समोरच्याचा खांदा कसा वाचायचा, केव्हा मागे सरायचं. ती वाढ त्याच्या मनगटात झाली, फुकटात झाली, आणि कोणी काढून घेऊ शकत नाही. तिच्यावर वहीनं चिलखत धरून आणखी तेरा घाव चढवले. एकाच शिक्षणाचे त्याला दोनदा पैसे मिळाले, असं समजा.

मी लहानपणी नागपूरच्या महाल भागातल्या आखाड्यात लाठी शिकलो. सहा वर्षं झालेला पोट्टा आणि सहा दिवस झालेला पोट्टा समोरासमोर आले तर जुनाच जिंकतो, दहातल्या नऊ वेळा. पण दहाव्या वेळी नव्याची काठी डोक्याला लागली तर वस्ताद म्हणतात, "लागली." जुन्याला तिथं 'मला सहा वर्षं झाली, मला लागत नाही' असं म्हणायची सोय नाही. तुमच्या पोरीला तेवढंच हवं होतं. तिचे तीन वार लागले, तर तिच्या डोळ्यांसमोर काहीतरी घडायला पाहिजे होतं.

मग पॉइंट कशावर खर्च व्हावेत? जे शरीर करू शकत नाही आणि कागदावाचून होणार नाही त्यावर. जखम बांधणं. विष ओळखणं. जुनी लिपी वाचणं. कुलूप उघडणं. सही-शिक्का करण्याचा अधिकार. शेजारच्या राज्यात एक ओळखीचा माणूस असणं. यातलं काहीही घेतलं तरी समोरचा तुम्हाला मारू शकतो, पण खेळात तुमच्याकडे यायला दहा जणांना कारण मिळतं. आमच्याकडे एक वैदू होता, पाचच पॉइंटचा, आणि दीड दिवस त्याच्या झोपडीसमोर रांग असायची. लढणाऱ्याच्या वाट्याला इतकी माणसं कधी येत नाहीत.

वेगाबद्दल. तुमच्या नियमात एक गोष्ट लपलेली आहे. दर खेळाला सगळ्यांना 5, म्हणजे जुन्या-नव्यात पहिल्या दिवशी जे अंतर असेल ते कधीच मिटत नाही. 75 चं अंतर दहा वर्षांनीही 75 च. त्यात जिंकणाऱ्याला 2 जास्त, म्हणजे जो आधीच भारी तो जिंकणार, जिंकला की आणखी भारी होणार. ते 2 आजच बंद करा. हात वर करून दिलेले 3 सुद्धा बंद करा, कारण ते ज्याचे मित्र जास्त त्यालाच जातात. हे मी आमच्या गटात डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्यावरून दोन चांगली माणसं आम्ही गमावली.

त्याऐवजी पहिल्या पाच खेळांना 3, पुढच्या पाचांना 2, त्यानंतर कायम 1. तुमच्या सेनापतीचे पंधरा खेळांचे 15 आणि 10 आणि 5, सुरुवातीचे 10 धरून 40 होतात. आज आलेली पोरगी 10 वर. दोन मोसमांनी ती 35 वर येते आणि तो 50 वर. अंतर 30 होतं ते 15 झालं. जुना पुढेच आहे, त्याचा मान गेला नाही, पण नव्याला तो दिसतो आहे.

आणि घाव चढत्या भावानं विका. चौथा 3 ला, पाचवा 6 ला, सहावा 9 ला, सहानंतर दुकान बंद. सहा घावांच्या माणसाला दोन पोरी मिळून पाडतात, तीन पोरी हमखास.

टेबलवरच्याच एका खेळातली युक्ती मला फार आवडते. 1978 मध्ये आलेल्या रूनक्वेस्टमध्ये लेव्हल नव्हत्याच. जे कौशल्य तुम्ही मोहिमेत यशस्वी वापरलं त्याच्यापुढे खूण करायची आणि मोहीम संपली की फासे टाकायचे. आकडा तुमच्या सध्याच्या टक्क्यांच्या वर आला तरच वाढ. 30 टक्क्यांवरचा भराभर शिकतो, 85 वरच्याला आपोआप वेळ लागतो. कुणाला वेगळा नियम करून थांबवावं लागत नाही. लार्पमध्ये फासे नकोत, सही घ्या. पात्राच्या कार्डावर चौकोन ठेवा, आणि ज्याची जखम बांधली त्यानंच तिथं सही करायची. तीन वेगळ्या माणसांच्या तीन सह्या झाल्या की जडीबुटी एक पायरी वर. माणूस मग सह्यांसाठी नव्या लोकांपर्यंत स्वतः चालत जातो.

पॉइंट पूर्ण बंद करायचे का, हाही प्रश्न होता. करता येतात. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड इकडे लार्पची मोठी परंपरा आहे, 1997 मध्ये ऑस्लोत त्यांचं संमेलन सुरू झालं, आणि त्यांचे कितीतरी खेळ एकदाच होतात. पात्र त्या दोन-तीन दिवसांतच बदलतं आणि संपतं. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात बघा ना, रात्री सुरू झालं आणि पहाटेपर्यंत पात्र कुठल्या कुठे गेलेलं असतं, कोणी पॉइंट मोजत नाही. पण तुमचा खेळ तीन मोसम तोच चालू आहे. माणसं ऑक्टोबरची वाट सात महिने बघतात. त्यांना परत आल्यावर हातात काहीतरी हवं. वही ठेवा.


दगडकागदकात्री, धरमपेठ

खिंडसीकाठ काकांचं बरंचसं पटलं, पण एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे आणि तो मला सांगावाच लागेल.

माझा डावा गुडघा अपघातात गेला. मी पळू शकत नाही, पाय मुडपून बसू शकत नाही. 'वाढ मनगटात होते, कागदावर लिहायची गरज नाही' हे ज्याचं मनगट आणि गुडघे शाबूत आहेत त्याच्यासाठी आहे. मला तलवारबाज व्हायचं असेल तर तो आकडाच माझा गुडघा आहे. ते काढून घेतलंत तर मैदानावर मी कायम वैदूच राहीन. वैदूचं काम मला आवडतं. पण माझ्यासाठी तेवढं एकच दार उघडं असावं, हे मला मान्य नाही.

1993 मध्ये व्हॅम्पायर या टेबलवरच्या खेळावर बेतलेली माइंड्स आय थिएटर ही लार्पची पद्धत आली, तिच्यात मारामारी अंगानं नाहीच. दगड-कागद-कात्री करून निकाल लावायचा. आम्ही सहा-सात जण घरी त्याच धर्तीवर खेळतो. तिथं साठीच्या काकू शहरातल्या सगळ्यात भयंकर योद्ध्याची भूमिका करतात आणि त्यांच्या आवाजाला मी खरोखर घाबरतो. तिथं आकडा वाढणं म्हणजे पात्र वाढणंच, कारण शरीर मध्ये येत नाही.

तेव्हा वहीवाली ताई, सहा घावांची मर्यादा ठेवा, ती चांगलीच आहे, पण चौथा-पाचवा घाव स्वस्त ठेवा. पहिल्या खेळानंतर नव्याकडे 13 असतील तर काकांच्या दरानं 9 मध्ये तो पाच घावांवर जातो. तेवढं मला पुरे. वरचं टोक छाटा, खालच्या पायऱ्या छाटू नका.


बारा_घाव

तो सेनापती मीच आहे. ताईनं नाव लिहिलं नाही, पण गटातल्या सगळ्यांना माहीत आहे, तर मीच लिहितो.

त्या पोरीनं पाठीमागून जे तीन वार मारले ते तीन वर्षांत मला बसलेले सगळ्यात साफ वार होते. मी "सहा" म्हटलं तेव्हा मलाच कसंतरी झालं. खेळ संपल्यावर तिला शोधायला गेलो, ती बसनं निघून गेली होती.

लोकांना वाटते बारा घाव असले की मजा येत असेल. पहिल्या मोसमात येत होती. आता वर्षभर झाले, मी मैदानात आलो की लोक रस्ता सोडतात. माझ्याशी कोणी बोलत नाही, सौदा करत नाही, मला धमकीसुद्धा देत नाही. दीड दिवस मी एकटाच फिरतो.

अन् दुसरे. मेल्यावर सगळे पॉइंट जातात हा नियम फार वाईट आहे. मागच्या फेब्रुवारीत पूल पडायचा प्रसंग होता, ताईला आठवत असेल. रेफरीनं सांगितले होते, जो मागे थांबेल तो मरेल. माझ्या पात्रानं थांबायलाच पाहिजे होते. त्याचा भाऊ पलीकडे होता. तीन वर्षं मी त्या भावासाठी लढत होतो. मी थांबलो नाही, कारण डोक्यात 115 फिरत होते. गोष्टीचा शेवट माझ्या हातात आला होता अन् मी वहीकडे बघून पळालो. हे मी आजपर्यंत कोणाला बोललो नाही.

माझे पॉइंट कमी करा. चाळीस द्या नाहीतर तीस द्या, माझी काही तक्रार नाही. फक्त मेल्यावर थोडे तरी हातात राहू द्या, म्हणजे पुढच्या वेळी मी थांबीन.

अन् शिकवायची सोय करा. बऱ्याच लार्पमध्ये नवीन कौशल्य घ्यायचे तर ते येणारे पात्र शोधून त्याच्याकडून शिकावे लागते, नुसते पॉइंट देऊन चालत नाही. मी दुहेरी वार शिकवीन. अर्धा तास, खरोखरचा अर्धा तास, बागेत उभे करून. आखाड्यात म्हणतात वस्ताद एक डाव राखून ठेवतो. मला राखायचा नाही.


चुलीजवळ, हिंगणा

थोडकंच लिहिते. पॉइंट कोणाला मिळतात हेही बघा. मी तीन खेळ स्वयंपाक केला आणि दोन खेळ चोर, भूत, वाटसरू असली भरतीची पात्रं केली. सव्वीस माणसांचं पिठलं-भाकरी आणि सकाळची तर्री चुलीवर होते तेव्हा कोणीतरी पहाटे चारला उठलेलं असतं. माझ्या पानावर त्या पाच खेळांचे शून्य आहेत, कारण 'तू खेळली नाहीस'. राबणाऱ्याला खेळणाऱ्याएवढेच पॉइंट हवेत, एकही कमी नको. आणि ते ज्या पात्राला द्यायचे ते मला ठरवू द्या.

अमेरिकेत काही गट सामान किंवा देणगी दिली तरी पॉइंट देतात असं वाचलं आहे. मागच्या वर्षी आपल्याकडेही कोणीतरी सुचवलं होतं, तंबू आणून देणाऱ्याला 5. ते कृपा करून करू नका. मिहानमध्ये नोकरी करणारा तंबू आणू शकतो, माझ्यासारखी सिटी बसचे पैसे मोजून येणारी नाही आणू शकत. कष्टाचे पॉइंट द्या. पैशाचे आभार माना.


वहीवाली, मानेवाडा

सगळ्यांचं दोनदा वाचलं. बारा_घाव भाऊ, पुलाचं मला आठवतं. मला वाटलं होतं तुम्हाला ऐकू आलं नाही.

चुलीजवळ, तुझं पान मी आत्ता उघडून बघितलं. पाच शून्य आहेत आणि ते माझ्याच अक्षरात आहेत. ते आज भरते. मागचे सुद्धा.

डिसेंबरपासून असं करते. हजेरीचे 3, 2, 1 काकांनी सांगितल्याप्रमाणे, खेळणारा आणि राबणारा सारखा. जिंकण्याचे आणि हात वर करण्याचे बंद. घाव 3, 6, 9 च्या भावानं, सहाला थांबायचं, चिलखत धरून. चिलखत अंगात असेल तर त्यातलेच दोन चिलखताचे, वेगळे नाहीत. दुहेरी वार राहील, पण एका लढाईत एकदाच, आणि तो शिकायला गुरू लागेल. जुन्या सगळ्या पात्रांचा हिशेब पहिल्या खेळापासून नव्या नियमानं पुन्हा मांडते आणि मोकळे झालेले पॉइंट ज्याचे त्यानं नव्यानं खर्च करायचे. मेल्यावर कमावलेल्यांपैकी अर्धे पुढच्या पात्राला. म्हणजे सेनापती मेला तर त्याच्या 30 चे 15 आणि सुरुवातीचे 10, नवीन पात्र 25 वर उभं राहील.

दोन खेळांच्या मधल्या महिन्यात प्रत्येकानं मला व्हॉट्सअॅपवर एक ओळ पाठवायची: या महिन्यात माझ्या पात्रानं काय केलं. त्यावरून मी पुढच्या खेळाच्या पाकिटात एक चिठ्ठी घालणार, बातमी, पत्र, कर्ज, जे लागू होईल ते. टेबलवाले दर आठवड्याला बसतात, आम्ही वर्षातून पाचदा. पॉइंट नाही वाढला तरी प्रत्येक वेळी हातात काहीतरी नवं पडलं पाहिजे, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

एक गोष्ट मला स्वतःला करावीशी वाटते, तुमचं मत हवं आहे. जुन्या खेळाडूंना पॉइंटऐवजी ताम्रपट द्यायचे. वाकाटकांच्या ताम्रपटांसारखे, राणीच्या नावानं कोरलेले: अमुक गाव तुला दिलं. गाव मिळालं म्हणजे ताकद वाढत नाही. गावाची भांडणं तुझ्या दारात येतात, महसूल तुला गोळा करावा लागतो, दुष्काळ पडला तर उत्तर तुला द्यावं लागतं. सेनापतीला एक गाव दिलं तर लोकांना त्याच्याशी बोलावंच लागेल. इतवारीत भांड्यांच्या दुकानांकडे तांब्याचा पत्रा चौकशी करून आले, पातळ मिळतो.

आणि त्या पोरीचा नंबर गटातल्या एकीकडून मिळाला. उद्या फोन करते. काय झालं, का झालं आणि काय बदललं ते सांगीन. यायचं की नाही ते तिनं ठरवावं.


खिंडसीकाठ, रामटेक

ताम्रपट जरूर करा. खरे ताम्रपट भोक पाडून कडीत ओवलेले असत आणि कडीला राजमुद्रा. तुम्हीही कडी ठेवा, दुसरं गाव मिळालं की त्याच कडीत दुसरा पत्रा. लांबून कळतं कोणाकडे किती गावं आहेत ते, आणि चोरीलाही जाऊ शकतात. ताम्रपट ज्याच्या हातात त्याचं गाव, असा नियम केलात तर चुलीजवळसारख्या चोराचं पात्र करणाऱ्यालाही बारा घावांच्या माणसाकडून काहीतरी घेऊन जाता येईल.

चिलखताचा नियम कार्डावर स्पष्ट लिहा, नाहीतर मैदानात वाद होतो. आणि जुन्या वहीची पानं फाडू नका, फोटो काढून ठेवा. पुन्हा मांडताना कोणीतरी जुनी बेरीज विचारणार.

पत्र्याचं एक सांगतो. कात्रीनं कापला की कड वस्तऱ्यासारखी राहते. कानशीनं घासून घ्या, चारही कोपरे गोल करा, मग पॉलिश पेपर मारा. अक्षरं कोरायला खिळा आणि लाकडी ठोकणी पुरते, खाली सपाट लाकडी फळी ठेवा म्हणजे पत्रा वाकत नाही. आणि लढाईचा बिगुल वाजला की धातूची कुठलीही वस्तू अंगावर नको, कडीसकट. शिबिरात एक लाकडी पेटी ठेवा, ताम्रपट त्यात टाकूनच बांधावर जायचं. पेटीवर पहारा कोणाचा, ते राणी ठरवेल.